तंबोरा कोणी धरायचा

मी, श्यामला विष्णू सांगवडेकर, वय अडुसष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझे बंधू वसंत यांचे मत वेगळे आहे. ते विचारात घेऊ नये.

१. राहते घर माझ्या कमाईचे आहे. ते वसंतचा मुलगा बंडू यास मिळावे. मात्र मागच्या दोन खोल्यांत माझी भाडेकरू अमीरबी हयातभर राहील. तिला उठवल्यास घर माझ्या शाळेला जाईल.

२. याचे कारण लिहून ठेवते. अमीरबी राहायला आली तेव्हा रोज पहाटे एकच सूर लावून बसे. मला वाटले, बाई पहिल्याच धड्यावर अडली आहे. मी मास्तरीण, जाऊन म्हणाले, आता पुढचा धडा घ्या. ती म्हणाली, "पुढं कुठं जाऊ, बाई? अजून सा लागला न्हाय की." राग आला, पण ऐकत थांबले. आजतागायत थांबलेच आहे.

३. तिची आई बिबीजान संस्थानच्या काळात दरबारात गात असे. आईचे नाव घेताना अमीरबी आदराने कानाच्या पाळीला हात लावते. दरबारातले हत्ती आणि पैलवान मी मुलींकडून नावानिशी पाठ करून घेतले होते. या गाणारणीचे नाव मलाच ठाऊक नव्हते. माझी इतिहासाची पुस्तके शाळेला द्यावीत. प्रत्येकाच्या कोऱ्या पानावर मी बिबीजानचे नाव लिहिले आहे, ते खोडू नये.

४. 'गाणारीण घरात ठेवलीस' म्हणून वसंतने भाऊबीजेला येणे सोडले. त्याला माझा रेडिओ द्यावा. सकाळी बातम्यांच्या आशेने लावील आणि ख्याल कानी पडेल.

५. पोस्टातली शिल्लक बंडूची मुलगी नंदिनी हिला, गाणे शिकण्यासाठी. नाही शिकली तरी तिलाच.

६. आता खरी काळजी. अमीरबीची बोटे संधिवाताने वाकल्यापासून तिचा तंबोरा मी छेडते. माझ्यामागे तो कोणी धरला नाही, तर तिचे गाणे थांबेल. घर घेणाऱ्याने रोज पहाटे तिच्यामागे बसावे, अशी अट मी घालणार होते. वकील म्हणाले, ही टिकणार नाही. म्हणून बंडूला बोलावून विनंती केली.

तो म्हणाला, "आत्या, मी गुळाचा व्यापारी. मला सुरातलं काय बी कळत न्हाय."

मी म्हणाले, मलाही कळत नव्हते. चार तारा एकामागून एक सारख्या छेडायच्या आणि मध्ये आपले डोके चालवायचे नाही. बंडू चपला घालून निघून गेला. मला फार वाईट वाटले.

७. आज सकाळी सह्यांसाठी साक्षीदार आले आहेत. गौसभाई म्हणतात, "बाई, सही करा की, दुकान उघडायचं हाय." मी त्यांना जरा थांबवले आहे. मागे अमीरबी गाते आहे. तिच्या दाराशी बंडूच्या चपला आहेत. तंबोरा जरा अडखळत चालला आहे, पण चालला आहे, आणि तो मी छेडत नाही.

स्थळ: कोल्हापूर
दिनांक: ९ जानेवारी १९७८

श्यामला विष्णू सांगवडेकर

बाईंनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली:
१. गौस इमाम मुल्लाणी, घड्याळदुरुस्ती
२. जोतीराम आकाराम चौगुले, शेजारी