तुझ्या आईचे ब्रश

प्रिय ठकू,

एक दिवसाआड फोनवर बोलतोच, मग बाबांना हे पत्राचं खूळ कुठून सुचलं, असं तुला वाटेल. सांगतो. पण आधी एक विचारायचंय. मेकअपचा ब्रश धुतला की त्याचे आतले केस वाळायला किती वेळ लागतो गं? वरून कोरडा लागतो, पण चिमटीत दाबला की आत गारवा असतोच. सकाळपासून मी उठून उठून बघतोय. नाटकाच्या रंगपटात रोज ढीगभर ब्रश हाताळणाऱ्या तुला हे वाचून हसू येईल. हस. पण ज्याचा जन्म लिफ्टच्या साखळ्यांना ग्रीस फासण्यात गेला, त्याला ही नाजूक जात नवी आहे.

सुरुवात झाली तुझ्या आईच्या डोळ्यापासून. पापणीवर भलीमोठी रांजणवाडी आली. डॉक्टरांनी विचारलं, "डोळ्यांना काही लावता का?" मीच म्हणालो, "रोज लागतं तिला." मग ते म्हणाले, "आणि तो ब्रश शेवटचा कधी धुतलात?" घर आरशासारखं ठेवणारी तुझी आई, पण मेकअपच्या डबीतले ब्रश तिने कधी धुतले असतील असं मला वाटत नाही.

घरी आल्या आल्या मी ते सगळे पातेल्यात घालून खळखळून उकळले. जंतूंचं माहीत नाही, ब्रश मात्र मेले. पत्र्याच्या टोपीतला डिंक सुटला आणि केस पाण्यावर तरंगायला लागले. आई खुर्चीतून बघत होती. एरवी तिने मला फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी तिने नुसता डावा हात कपाळावर मारला.

मग तुझ्या कपाटातून तुझे शिकायच्या वेळचे ब्रश काढले. रागावू नकोस. बाजारातून ब्रश गरगर फिरवून धुणारं एक स्वस्तातलं यंत्र आणलं. बटण दाबलं मात्र, फेस भिंतीवर, माझ्या चष्म्यावर, आईच्या केसांत! यंत्रं दुरुस्त करण्यात माझी हयात गेली आणि या एवढ्याशा फिरकीने माझी शोभा केली. पण ठकू, तुझी आई हसली. किती दिवसांनी हसली म्हणून सांगू! मी आत जाऊन उगाचच नळ सोडून उभा राहिलो.

शेवटी खालच्या पार्लरवाल्या ताईंना शरण गेलो. त्या म्हणाल्या, "काका, यंत्र कशाला? घरातलंच वापरा." आता माझा कारखाना असा आहे: गरम भांडं उचलायचा तो रबरी, खडबडीत चौकोन, कोमट पाणी आणि लहान मुलांचा शाम्पू. ब्रश त्या चौकोनावर गोल गोल फिरवायचा. डोळ्यांचा बारीक ब्रश असेल तर चहाच्या प्लॅस्टिकच्या गाळणीवर हलकेच घासायचा. पाणी पत्र्याच्या टोपीपर्यंत चढू द्यायचं नाही. फडक्यात दाबून, केस खाली करून, कपड्यांच्या चिमट्यांनी दोरीला टांगायचा. ताईंनी एकदा येऊन पाहिलं आणि मला पास केलं.

थांब, बघून आलो. मोठा ब्रश अजून ओला आहे. माझं हे असं चाललंय. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की काय करायला उठलो ते आठवत नाही. आतल्या खोलीतून बाईंचा आवाज येतोय, "उचला, अजून थोडा, शाबास." त्या जायच्या आत हे पत्र लिहून पाकिटात घालायला हवं. फोनवर हे बोलता आलं नसतं, कारण फोनवर बोलताना आई माझ्या शेजारी बसलेली असते आणि तिचा एक कान कायम माझ्या तोंडाशी असतो.

तुझ्या लक्षात आलंच असेल. हल्ली ती फोनवर "बरी आहेस ना? जेवलीस?" एवढंच बोलते आणि फोन माझ्याकडे देते. घसा बसलाय, असं मी तुला सांगतो. घसा ठणठणीत आहे. तू त्या नव्या नाटकासाठी गेलीस त्याच आठवड्यात तिला झटका आला. उजवा हात गेला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, शब्द अडखळायला लागले. दवाखान्यात पहिलं धड वाक्य बोलली ते हे: "ठकूला सांगू नका. तिचं पहिलं मोठं काम आहे." मी शब्द दिला. आता हात खांद्यापर्यंत उठतो, त्या आतल्या बाई व्यायामाच्याच. डॉक्टर म्हणतात, जिवाची भीती टळली. पण लिपस्टिक लावल्याशिवाय ती दार उघडत नाही, आणि डावा हात तिचं ऐकत नाही. म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

आता हे पत्र का, ते सांगतो. येत्या रविवारी ती फोनचा कॅमेरा चालू करणार आहे. ओठांची ती बाजू रंगाने सारखी करता येईल आणि तुला काही कळणार नाही, असं तिने ठरवलंय. रोज माझ्याकडून सराव करून घेते, पुसते, पुन्हा लावायला लावते. मी कितीही नीट लावलं तरी तुला पहिल्या क्षणाला कळेल, तुझा धंदाच तो. म्हणून शब्द मोडतोय. दचकू नकोस. रडायचं असेल ते आज रड. रविवारी तिला म्हण, "आई, हा रंग तुला काय खुलून दिसतो गं!" आणि पहिला प्रयोग पार पडला की ये. तिला विचारू नकोस, ती नकोच म्हणेल. सरळ येऊन दारात उभी राहा.

तुझाच,
बाबा