बेणं स्वतः येऊन न्यावं

प्रिय मेहुणेबुवा,

दाजींचा नमस्कार. इकडे सगळं खुशाल आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. गाई खुशाल आहेत, गोठा खुशाल आहे, आणि त्यांची उठाबस करणारा मी अजून उभा आहे. तुझी कंबर काय म्हणते? आणि बायकोचा राग? (हे तिला वाचून दाखवू नकोस. दाखवलंसच, तर दाजींनी 'तब्येत' लिहिलंय असं सांग.) पोरांना आशीर्वाद.

तू विचारलंस, सुधारित गवत लावू का, आणि तुम्ही ते का लावलंत. तुझी ताई गेल्यापासूनचं तुझं हे पहिलं पत्र, आणि त्यात काय, तर गवत! मला जरा लागलं. पण म्हटलं, चला, गवताच्या निमित्ताने का होईना, याला दाजी आठवला. उत्तराला उशीर झाला त्यालाही तेच गवत कारणीभूत आहे. ते इतकं माजलंय की रस्त्यावरून माझं घर दिसत नाही. पोस्टमनने दोन हाका मारल्या, इथे कोणी राहत नाही असं ठरवलं आणि तुझं पत्र शेजाऱ्याकडे टाकलं. शेजाऱ्याने ते मला सवडीने दिलं. त्याची सवड तुला माहीत आहे.

आता का लावलं ते सांगतो. चारा खात्याचे एक तरुण साहेब इकडे आले. आम्ही त्यांना गवतसाहेब म्हणतो. त्यांनी दूध संकलन केंद्रात आम्हा सगळ्यांना बसवून भाषण दिलं. प्रथिनं किती, कापण्या किती, दूध किती वाढेल, सगळं भिंतीवर चित्रं लावून. आम्ही माना डोलावल्या. (कोणी उभं राहून बोलायला लागलं की मान डोलावणं आम्हाला छान जमतं.) मग त्यांनी विचारलं, तरी तुम्ही लावत का नाही? एक म्हणाला पाणी नाही. त्याची विहीर बाराही महिने भरलेली असते. दुसरा म्हणाला भावाला विचारावं लागेल. त्या भावाशी तो कित्येक वर्षं बोलत नाही. खरं कारण असं, की पहिला कोणालाच व्हायचं नव्हतं. पहिल्याच्या गाईला नुसते ढाळ लागले तरी लोक वर्षभर तोच विषय चघळत बसतात. शेवटी साहेब काकुळतीला येऊन म्हणाले, जो लावेल त्याचं रान बघायला मी दर आठवड्याला येईन. आणि माझा हात वर गेला.

दुधाचा आकडा मी ऐकलाही नव्हता, मेहुणेबुवा. घरात दोन कप असून एकच धुवावा लागतोय, याला तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. मी एवढंच विचारलं की साहेब, चहात साखर किती घेता?

साहेब बोलल्याप्रमाणे येऊ लागले. गुणी माणूस. पहिल्या दिवशी त्यांनी शिकवलं की कांडी लावताना तिचा डोळा, म्हणजे कोंब फुटतो ती गाठ, वर ठेवायचा. मी लावत लावत त्यांना तुझ्या ताईची गोष्ट सांगत होतो, ती मारक्या बैलाला नावं ठेवून ठेवून कशी गरीब करायची ती. बोलण्याच्या नादात दोन ओळी डोळे खाली करून पुरल्या. साहेबांनी कपाळाला हात लावला. पण ते गवत असं निर्लज्ज, की त्या दोन ओळीच आधी उगवल्या. साहेब दर वेळी टेप लावून उंची मोजायचे, चहा घ्यायचे, ताईची एखादी गोष्ट ऐकायचे. माझा तो दिवस बरा जायचा.

आता शेजारी. त्याला आम्ही हुंकारराव म्हणतो, कारण त्याच्या तोंडून 'हुं' याच्यापलीकडे काही निघत नाही. त्याची गुरं आणि माझी गुरं गायरानावर बरोबर चरायची. आम्ही बांधावर बसायचो. मी बोलायचो, तो हुं करायचा, आयुष्य असं गेलं. त्याने माझं गवत कुंपणापलीकडून एक हंगामभर बघितलं आणि हुं केलं. आणि मग एके दिवशी स्वतःच लावलं! मी साहेबांना म्हटलं, बघा, माझं बघून पटलं त्याला. साहेबांनी मोठ्या उत्साहाने त्याला जाऊन विचारलं. त्याची बायकोच आतून म्हणाली, "पटतंय कसलं! माझे गुडघे गेलेत, मला गुरांमागे फिरवत नाही. गवत लाव नाहीतर गुरं वीक म्हटलं." तिच्यामागोमाग बाकीच्या बायकांनाही आपापले गुडघे आठवले. भिंतीवरच्या चित्रांनी झालं नाही ते गुडघ्यांनी केलं. तुझ्याकडे कोणी पाहणी करायला आलं, तर हे सांग.

आणि इथेच माझं गणित फसलं. सगळ्यांनी गवत लावलं, सगळ्यांच्या गाई गोठ्यातच खाऊ लागल्या, आणि गायरान ओस पडलं. आता तिथे कोणी येत नाही. हुंकाररावही नाही. त्याचा हुं आठवून मला रडू येईल असं कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आणि साहेब? रान उत्तम, प्रयोग यशस्वी, आता माझी गरज नाही, असं हसत सांगून ते दुसऱ्या गावच्या हट्टी लोकांकडे निघून गेले. मी हात जोडून 'फार उपकार झाले' म्हटलं आणि आत येऊन बसलो.

गप्प बसणारा मी नव्हे. पानं पिवळी पडली असा मी निरोप धाडला. साहेब धावत आले. पण पिवळं काही सापडेना. पुढच्या वेळी खोटं पडायला नको म्हणून मी एका ओळीचं पाणी तोडलं. ती हिरवीच राहिली. तिच्यावरून म्हैस फिरवली (म्हैस हुंकाररावाकडून मागून आणली, तेवढंच त्याच्याकडे जाणं झालं). ती आणखी जोमाने फुटली. शेवटी साहेबच म्हणाले, "काका, या गवताला काही होत नाही हो." मी म्हटलं, तेच तर झालंय.

कळावे. थोरांना नमस्कार, लहानांना जे काही आवडत असेल ते.

तुझा,
दाजी

ता. क. मुख्य उत्तर राहिलंच. गवत लाव. दूध खरंच वाढतं. फक्त घरासमोर लावू नकोस, मागे लाव.

ता. क. दुसरा. बेणं माझ्याकडे भरपूर आहे, पण ते असं तसं पाठवता येत नाही. कांडी निवडावी लागते, ती डोळ्यासमोर तोडावी लागते, म्हणजे तुला स्वतः यावं लागेल आणि चार दिवस राहावं लागेल. ताई नाही, तर आता दाजींकडे कशाला जायचं, असं तुला वाटत असेल. वाटू शकतं. पण घर तुझ्या ताईचंच आहे, आणि तिला तुझ्याइतकं ओळखणारं आता मला दुसरं कोणी उरलेलं नाही. ये.

ता. क. तिसरा. हे पत्र दुधाच्या टँकरवाल्याबरोबर देतोय. तो तुला सांगेल, "बेण्याचं पोतं मीच उद्या आणून टाकतो, रोज तुमच्या फाटकावरूनच जातो." खरं आहे त्याचं. मी त्याला पोतं देणार नाही.