मांजर आडवं गेलं म्हणून

प्रिय बाबा,

पत्र लिहायचं कारण तुमच्या खुर्चीत झोपलंय. काळं आहे, चार पायांचं आहे, आणि उठवायला गेलं की एक डोळा उघडून बघतं. हो, मांजर. आपल्या घरात! जिथे असाल तिथे जरा बसून घ्या, पाणी प्या आणि मग पुढे वाचा.

तुम्ही असलं काही मानत नव्हतात, असं तुमचं म्हणणं. फक्त मांजर आडवं गेलं की तुमच्या स्कूटरचा प्लग नेमका तेव्हाच तपासावा लागायचा. तुम्ही उतरायचात, वाकायचात, आणि दुसरं कोणीतरी पुढे गेलं की प्लग आपोआप ठीक व्हायचा. माझ्या बारावीच्या पेपरला आपण या प्लगपायीच उशिरा पोचलो. मी मागे रडकुंडीला आलेली, आणि तुम्ही म्हणालात, "मी कुठे काय मानतो? गाडी गरम झालीये." किती सहज थापा मारायचात हो!

तर तीच स्कूटर. तुम्ही जाऊन दोन वर्षं झाली, तरी ती खाली पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी आहे. विकायचं नाव आई काढू देत नाही. त्या कव्हरखाली एका मांजरीने तीन पिल्लं घातली आणि काही दिवसांनी ती दिसेनाशी झाली. पांढरं पिल्लू कोणीतरी लगेच नेलं, मागोमाग पिवळ्या पट्ट्यांचं. काळ्याला येणारे-जाणारे उचलायचे, "गोड आहे हो," म्हणायचे आणि परत ठेवायचे. शेवटी सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "रविवारी कात्रजला सोडून येतो. तिकडे डेअरी आहे, दुधाची ददात नाही."

तळहाताएवढा जीव. तिथल्या रहदारीत तो कसलं दूध पिणार होता? मला तो हवा होता, पण घेऊन जिना चढायची हिंमत होईना. तुम्ही गेल्यापासून घर तुमच्याच नियमांवर चाललंय. शनिवारी नखं कापायची नाहीत, उंबऱ्यावर उभं राहायचं नाही. आई म्हणणार, "त्यांना चाललं नसतं," आणि विषय संपणार. मग मला तुमचा राग येणार. तुम्ही नसताना तुमच्यावर रागवायचं, हे मला अजिबात नको होतं.

शनिवारी संध्याकाळी मात्र ओढणीत गुंडाळून घेऊन गेलेच. आईने ओढणी बाजूला करून बघितलं. मग म्हणाली, "अगदी असंच होतं."

"कोण?"

"आमचं लग्न जमवणारं."

आणि मग मला कळलं. सदाशिव पेठेतला एक बोळ. एका बाजूने नोकरीच्या मुलाखतीला निघालेले तुम्ही, सायकलवर. दुसऱ्या बाजूने टायपिंगच्या क्लासला निघालेली आई. मधून काळं मांजर गेलं. तुम्ही थांबलात, तीही थांबली. दोघंही समोरच्याने आधी जावं म्हणून उभी!

"आपण व्हा पुढे," तुम्ही म्हणालात.

"का? मांजर तुमच्या बाजूने आलं, तुम्हीच निस्तरा."

कोणीच हलेना. शेवटी एक पोस्टमन मधून गेला, तेव्हा तुमची सुटका झाली. तुमची मुलाखत हुकली, तिचा क्लास बुडाला. "दुसऱ्या दिवशी मी त्याच वेळेला गेले," आई म्हणाली, "तर मांजर नव्हतं. तरी हे थांबलेलेच."

आणि मला आयुष्यभर काय सांगितलंत? मामाने स्थळ आणलं! आईला विचारलं तर म्हणते, "आणलं ना. यांनीच त्याला आणायला लावलं."

एवढे उपकार झाल्यावर तुम्ही मांजरांना का टाळत राहिलात? तेही विचारलं. "घाबरायचे," ती म्हणाली. "एकदा आडवं गेलं आणि सगळं मिळालं. पुन्हा गेलं तर परत घेऊन जाईल, म्हणायचे."

बाबा, तो बारावीचा पेपर मी त्या क्षणी माफ केला. आणि एक सांगू? तुम्हाला दवाखान्यात नेलं त्या सकाळी वाटेत एकही मांजर नव्हतं. मी सारखी बघत होते. रस्ता अगदी मोकळा होता.

आईने मांजरीचं नाव आडवी ठेवलंय. "ती सरळ कधी जाते?" म्हणाली. परवा सेक्रेटरींनी विचारलं, "काळी मांजर घरात ठेवलीत?" आई म्हणाली, "ठेवली. तुम्हाला अडचण असेल तर जिन्यात थांबत जा, दुसरं कोणीतरी येईलच." दोन वर्षांनी ती असं बोलली. मी स्वयंपाकघरात जाऊन हसून घेतलं, थोडं रडूनही घेतलं.

रोज सकाळी मी ऑफिसला निघाले की आडवी उंबऱ्यावरून नेमकी माझ्या पुढ्यातून जाते. म्हणून तुम्हाला एक शब्द देते. मांजर आडवं गेलं की यापुढे मीही थांबेन, प्लगची थाप न मारता थांबेन. समोर कोणी थांबलंय का, एवढं बघायला.

तुमची,
नीलू