बिडं तव्यात धरायचं का?

आषाढ वद्य षष्ठी, संध्याकाळ

हावड्याहून घावनांचं बिडं आलं, ओतीव लोखंडाचं. सहाशे चाळीस रुपये; एवढी घासाघीस करून दहाच सुटले.

सईची लग्नानंतरची पहिली नागपंचमी, बेहालाच्या सासरहून माहेरी येणार. फोनवर म्हणाली, "आई, दिंडं नकोत. बिडावरची घावनं कर." मी हो म्हणून बसले. पण पंचमीला तवा चढवत नाहीत. तवा म्हणजे नागाचा फणा, असं सासूबाई सांगत. मग बिडं?

दुकानदार त्याला चाटू म्हणाला, बंगालीत तव्यालाच म्हणतात तसं. खालचे घोषबाबू म्हणाले, "बौदी, माझे वडील बजबजच्या ज्यूट मिलमध्ये होते. तिथले स्कॉटिश साहेब अशा सपाट तव्याला गर्डल म्हणायचे." सासूबाई बिडंच म्हणत, तवा कधीच नाही. पण नाव काही असो, फण्याला चटका तोच ना? की मीच पळवाट शोधते आहे?

रत्नागिरीच्या वन्संना विचारायला हवं. त्यांना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्र लिहिलं. फक्त विचारायचं असं ठरवलं होतं, तरी शेवटी एक ओळ जास्त गेलीच: "बिडं तव्यात धरतात का, ते उलट टपाली कळवा. पोरीने तोंडाने मागितलं आहे."