हार्लनची दहा हजार आयुष्यं

६ फेब्रुवारी २०१४, गुरुवार

बेनेश नवरा-बायको आले. ऑफिसच्या जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. माणूस त्या कशा चढतो हे ऐकलं की निम्मी फाइल मला खुर्चीतच कळते. विमा आणि गुंतवणुकीच्या धंद्यात यायच्या आधी दारोदार व्हॅक्यूम क्लीनर विकत फिरायचो, तेव्हा तयार झालेले कान आहेत हे! हार्लन नवव्या पायरीवर थांबला. डोरीन नाही थांबली. वरूनच ओरडली, "चल की रे, मालगाडी!"

हार्लनने ओटच्या गिरणीत एकेचाळीस वर्षं काढली. आता चौऱ्याहत्तर. ती सहासष्ट. साठवलेले तीन लाख दहा हजार डॉलर, दोघांचं सरकारी पेन्शन, घराचं कर्ज फिटलेलं. प्रश्न एकच — मरेपर्यंत पुरेल का? डोरीनची आई एकशे एक वर्षं जगली. "त्यातली शेवटची बारा माझ्या सोफ्यावर," हार्लन म्हणाला.

ऑफिसातल्या फाइली सांभाळणारी ट्रूडी बहिणीकडे ॲरिझोनात उन्हं खायला गेलीय. म्हणून फाइल मीच भरली. गुंतवणुकीच्या परताव्यातून महागाई आधी हाताने वजा केली आणि मग आकडा कॉम्प्युटरमध्ये टाकला. शहाऐंशी सालापासून असंच करतो. मशीनवर कोण विसंबणार!

बटण दाबलं. मशीन या दोघांना दहा हजार वेळा म्हातारं करतं. एका आयुष्यात बाजार दुसऱ्याच वर्षी कोसळतो, दुसऱ्यात वीस वर्षं चांदी. शंभरातल्या किती आयुष्यांत पैसे शेवटपर्यंत पुरले, तो आकडा. ऐंशीच्या वर हिरवा, साठच्या वर पिवळा, त्याखाली लाल.

सत्तावन्न. लाल.

"म्हणजे नापास?" डोरीन.

"छे! नाणं उडवण्यापेक्षा बरंच."

"एकेचाळीस वर्षं पहाटे चारला उठून नाण्यापेक्षा बरं! शाबास रे हार्लन."

तो हाताची नखं बघत बसला. जरा हवा हलकी करावी म्हणून मी त्याची आयुर्विम्याची पॉलिसी काढली. अठ्ठ्याऐंशी साली मीच त्याच्या गळ्यात मारलेली. दोन लाखांची, पंच्याहत्तराव्या वाढदिवसाला संपते, त्यानंतर मेलं तर दमडी नाही. म्हणजे तीस जूनला. म्हणालो, "जूनच्या आत गेलास तर डोरीन राणी होईल बघ!"

खो खो हसलो तिघंही. सगळ्यात जास्त डोरीन. "हा? हा कधी कुठे वेळेवर गेलाय!"

११ फेब्रुवारी

ट्रूडी परत आली, भाजलेल्या बटाट्यासारखी दिसतेय. "बेनेशांची फाइल तू भरलीस? मी एकदा नजर टाकते."

"बाई, अठ्ठावीस वर्षांत चुकलो नाही. तू तुझं नाक सांभाळ, साल निघतंय."

दिवसभर कपाटं आपटत होती.

२० फेब्रुवारी, गुरुवार

हार्लन एकटाच आला. सातव्या पायरीवर थांबला, मग अकरावीवर. हातात कोलाचेंचा, म्हणजे खसखस भरलेल्या गोड पावांचा खोका. डोरीनला माहीत नाही म्हणाला — कोलाचेंचंही आणि येण्याचंही.

"ती दहा हजार आयुष्यं म्हणजे काय ते मला नीट सांग. मी गिरणीतला माणूस. मला हाताला लागलं पाहिजे."

ड्रॉवरमधून जुने फासे काढले. मशीन नव्हतं तेव्हा गिऱ्हाइकांना मी यांवरच शिकवायचो. दोन फासे, एक फेक म्हणजे एक वर्ष. लहान दान पडलं तर बाजार पडला, मोठं पडलं तर चढला. तो फेकत गेला, मी शिल्लक लिहीत गेलो. पहिल्या खेळात डोरीन एक्क्याऐंशीची असताना पैसे संपले. दुसऱ्यात पुरून उरले. तिसऱ्यात तिच्या एकोणऐंशीव्या वर्षीच खडखडाट.

"हात तोच, फासे तेच," तो म्हणाला. "मग माझं चुकलं कुठे?"

"कुठेच नाही. म्हणून तर याला जोखीम म्हणतात."

त्याने फासे टेबलावर ठेवले. मग हळूच, "ते जूनचं मशीनवर लाव ना."

मला वाटलं, गंमत करतोय. लावलं. पहिल्याचा मृत्यू जूनमध्ये, पॉलिसीचे दोन लाख जमा, खर्च एकटीचा. चौऱ्याण्णव. पडदाभर हिरवं!

"हिरवा रंग बरा दिसतो," म्हणाला. कागद छापून मागितला. चार घड्या घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. उतरताना एकाही पायरीवर थांबला नाही.

गिऱ्हाईक खूश होऊन गेलं. कोलाचे उत्तम होते.

१३ मार्च

बोलिंगला हार्लन नुसता स्कोर लिहीत बसला. हृदयाची झडप बदलायची आहे म्हणे. नऊ एप्रिलची तारीख दिलीय. डॉक्टर म्हणतो, दहातले नऊ जण ठणठणीत होऊन घरी जातात.

"नव्वद! हिरवाच की," मी म्हणालो.

"हो ना," म्हणाला.

१० एप्रिल, गुरुवार

ऑपरेशन झालंच नाही. डोरीनचा फोन. "जुलैत करतो म्हणतोय! आधी टोमॅटो लावायचेत म्हणे. वाढदिवसाचा केक स्वतःच्याच झडपेने खायचाय म्हणे. चाळीस वर्षं घसा कोरडा केला मी टोमॅटो लाव म्हणून, तेव्हा नाही लावले मेल्याने!"

हसलो. फोन ठेवला. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, आणि मग हसलो नाही.

१ मे, गुरुवार

बोलिंगच्या हॉलबाहेर गाड्या लावतात तिथे हार्लनला गाठला.

"जुलैत का? जूनमध्ये का नाही?"

"तुला गणित येतं की."

"अरे लेका, तो आकडा शक्यता सांगतो. कर असं नाही सांगत!"

"सत्तावन्न म्हणजे काय? शंभर डोरीन असतील तर त्यातल्या त्रेचाळीस कफल्लक होणार. बरोबर?"

"साधारण."

"मला एकच डोरीन ठाऊक आहे. ती कितव्या नंबरची ते सांग. मग उद्या ऑपरेशन करतो."

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. वास ओटचा — निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी! "तिच्यापाशी बोललास तर याद राख, एमिल. तू माझा विमावाला आहेस, पाद्री नाहीस."

ऑफिसात येऊन सगळं परत चालवलं. सत्तावन्न. परत. छप्पन्न. परत. सत्तावन्न. तीस हजार आयुष्यं झाली, फरक एकाचा. मशीन खोटं बोलत नाही.

ट्रूडी दारात होती. "फाइल मी एकदा उघडून—"

"नको."

डोरीनचा नंबर फिरवला. रिंग जायच्या आत ठेवून दिला. इथे तरी खरं लिहितो: तिला सांगायचं म्हणजे जूनचा विनोद पहिल्यांदा कोणी केला, हेही सांगायला हवं.

५ जून

हार्लन चौथ्या पायरीवर थांबला. पुढचा आवाज येईना. शेवटी मीच खाली गेलो, त्याच्या शेजारी पायरीवर बसलो. ओठ निळसर. छातीत किटलीसारखी शिट्टी वाजत होती.

"हप्ता भरलाय ना?"

"भरलाय."

"पैसे आले की डोरीन तुझ्याकडेच गुंतवेल. तिला दुसरं कोण माहितीय? दोन लाखांवर तुझी फी किती?"

"वर्षाला एक टक्का."

"अर्ध्यावर ये."

"हार्लन, हे काय—"

"अर्ध्यावर ये, चोरा!"

"पाऊण."

हात मिळवला. पंजा थंडगार होता, पकड मात्र गिरणीतलीच. म्हणाला, "ऑगस्टमध्ये ये टोमॅटो न्यायला. ती एकटी किती खाणार?"

मी त्याला गाडीपर्यंत पोचवलं. आणि घासाघीस केली म्हणून मला बरंच वाटत होतं! जुना हार्लन वाटला.

२० जून

काल हार्लन गेला. टोमॅटोच्या वाफ्यात. अकरा दिवस राखून.

२४ जून

चर्चच्या हॉलमध्ये मयताचं जेवण. डुकराचं मटण, आंबट कोबी, कणकेचे गोळे. डोरीन रडत नव्हती, सगळ्यांना वाढत होती.

"लग्नाला चाळीस मिनिटं उशिरा आला होता," माझ्या ताटात कोबी टाकत म्हणाली. "पोर जन्मलं तेव्हा हा गिरणीत. आयुष्यात एकदाच लवकर गेला, तोही इथे! कोणी शिकवलं रे त्याला?"

मी गोळा तोंडात कोंबला.

मग तिने ॲप्रनच्या खिशातून कागद काढला. चार घड्यांचा. "कोटात सापडला. चौऱ्याण्णव म्हणजे चांगलं ना? मग मला का नाही दाखवला?"

तळाला बारीक अक्षरात छापलेलं असतं: पहिल्याचा मृत्यू — जून २०१४. तिने चष्मा आणला नव्हता.

"चांगलंच," मी म्हणालो.

"म्हणजे समाधानाने गेला बिचारा. अजून एक गोळा घे."

घेतला.

१४ जुलै, सोमवार

डोरीन आली. चौदा पायऱ्या, कुठेही न थांबता. नाकावर चष्मा. एका हातात विमा कंपनीचा चेक, दुसऱ्यात कागद. दोन्ही टेबलावर ठेवले.

"हे तू छापून दिलंस?"

"त्याने मागितलं."

"फेब्रुवारीत?"

"फेब्रुवारीत."

मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं होतं. खुर्चीत बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. बराच वेळ खालच्या रस्त्यावरचा ट्रक मागे जाताना वाजत होता.

"मी हसले होते त्या दिवशी," म्हणाली. "सगळ्यात मोठ्याने मीच हसले होते."

"सगळेच हसलो."

"एक सांग. खोटं नको. ते सत्तावन्न... ते खरे होते ना?"

"खरे होते. मी चार वेळा चालवलं."

"शप्पथ?"

"शप्पथ."

तिने मान हलवली. डोळे पुसले, चष्मा पुसला. "मग ठीक. मग बावळटपणा नाही केला त्याने. माझ्यासाठी केलं. त्या सत्तावन्नच्या जोरावर मी आता झोपेन, एमिल. नाहीतर वेड लागलं असतं."

चेक पुढे सरकवला. जाताना दारातून म्हणाली, "पाऊण टक्का. त्याने लिहून ठेवलंय."

१७ जुलै, गुरुवार

सॉफ्टवेअर कंपनीची मुलगी नवीन आवृत्ती शिकवायला आली होती. ट्रूडीने विचारलं, महागाईचं काय करायचं? ती म्हणाली, काहीच नाही, परतावा आहे तसा भरा, महागाई मशीन स्वतःच वजा करतं. जुनी आवृत्तीही तेच करायची. आधी हाताने केलीत तर दोनदा कापली जाते.

ट्रूडी माझ्याकडे बघत राहिली. मुलगी गेल्यावर तिनेच बेनेशांची फाइल उघडली. फेब्रुवारीचे आकडे. पॉलिसी नाही. हार्लन पंच्याण्णवपर्यंत जिवंत. महागाई एकदाच.

अठ्ठ्याऐंशी. हिरवा.