दिराचा अर्ज

वर्धा, मार्गशीर्षातला गुरुवार, १९५४

दुपारी पाहुण्यांसमोर दिराने विचारले, "वहिनी, 'गिव्ह अप' म्हंजे काय?" मी म्हटले, सोडून देणे. "अवो, वर पाठवणं! चुलीपाशीच मॅट्रिक झाल्या काय तुमी?" त्याची सासू पदराआड हसली. मग मी आत जाऊन एकटीनेच डिक्शनरी काढून पाहिली. माझेच खरे.

संध्याकाळी त्यानेच बढतीचा इंग्रजी अर्ज आणून दिला. माझे अक्षर चांगले, म्हणून नक्कल नेहमी मीच करते. चुकाही गुपचूप सुधारते. शेवटी लिहिलेले, 'हा अर्ज मी साहेबांकडे गिव्ह अप करतो.' म्हणजे अर्जच सोडला की! सुधारू? तो पदर आठवला.

"एक शब्द बदलू नोका, वहिनी," म्हणाला होता. मी बरं म्हटले होते. टपोऱ्या अक्षरात तसाच उतरवला. आज लक्ष्मीचा उपास, दिलेला शब्द कसा मोडू?