मुराळ्याची नाडी

१२ जानेवारी १९३८, बदनापूर
जालन्याला जाऊन आलो. डॉक्टरनं छातीला नळी लावली, वीस बैठका काढायला लावल्या, परत नळी लावली. म्हणाला, मास्तर, दिल बिलकुल बराबर आहे, वहम सोडा. दवा दिली नाही. दवा न देता घरी पाठवलं म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलेलं असणार. बायकोला, बायनाबाईला, हे सांगितलं नाही. बायकांना धीर नसतो.

१३ जानेवारी
निश्चय: पल्स फक्त सकाळी एकदा मोजायची.
सकाळी ८४. खात्रीसाठी परत मोजली, ९६. मग दिवसभर मोजत बसावं लागलं.

१९ जानेवारी
लेकीला, आसराला, सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी. आम्हाला मुलगा नाही, तेव्हा तिला आणायला मुराळी मीच. आठव्यात पोरीला हलवत नाहीत, म्हणून याच महिन्यात आणायची. तिचं सासर राजूर म्हणजे गाडीनं दिवसाची वाट. सोमवारी निघतो. भिण्यासारखं काही नाही.

२४ जानेवारी
गाडी जुंपली. धक्क्यांनी हार्टचं काय होईल हा विचार वाटेत नको, म्हणून दारातच करून घेतला. बैल सोडले. बायनाबाईनं वाटेसाठी बांधलेली शिदोरी सोडून ताटात वाढली. असलं गार जेवण माझ्या तबियतीला चांगलं नाही.

३० जानेवारी
प्रॅक्टिस म्हणून अंगणातल्या गाडीत तासभर बसलो. धडधड किरकोळ. शेजारच्या कचरूनं बैल कुठं आहेत म्हणून विचारलं.

६ फेब्रुवारी
ओढ्यापर्यंत गेलो. तिथं एक ठोका चुकला. परत आलो. बायनाबाई म्हणाली, मीच जाते. म्हटलं, लोक काय म्हणतील? व्याही रायभान यांना पत्र टाकलं: प्रकृती फार नाजूक, जरा उतार पडला की निघतो.

२० फेब्रुवारी
आठवा लागला. आता हलवता येत नाही. म्हणजे अडचण रीतीची आहे, माझी नाही. छाती एकदम हलकी झाली. आठ दिवस बंद केलेला चहा सुरू केला.

५ मार्च
दुपारी दारात गाडी. सत्तरीचे रायभान खोकत खोकत स्वतः सुनेला घेऊन आले. आसराचे डोळे सुजलेले. माझं पत्र ऐकून तिनं मला आजचा-उद्याचा धरलं होतं. आठव्यात पोर हलली, ती माझ्यापायी. मी ओट्यावर उभा, हातात कपबशी. तबियतीचं सांगायला तोंड उघडलं.
रायभान म्हणाले, "काळीज बरं नसंल तर मुराळी न्हाई आला तरी चालतंय, मास्तर. पण ही पोर रोज सांजच्याला वेशीत जाऊन उभी राहायची."
छाती धडधडत होती. या वेळी कारण मला ठाऊक होतं. लाज वाटत होती. नाडीकडे हात गेला नाही.
तिला उतरवून घ्यायला पुढं झालो. तिनं एका हातानं गाडीचं चाक धरलं, दुसऱ्यानं मला.
"आबा, तुम्ही बसा आधी. दम लागंल."
मी बसलो.